मोटारगाडीतील पेट्रोलचा वास

मोटारगाडीच्या आत येणारा पेट्रोलचा वास हे बहुतांश वेळा इंधन प्रणालीतील गळतीचे किंवा इंधनाची वाफ रोखून धरणाऱ्या व्यवस्थेतील बिघाडाचे लक्षण असते. पेट्रोल भरल्यानंतर काही मिनिटे येणारा मंद वास स्वाभाविक मानला जातो. मात्र वारंवार किंवा सतत येणारा वास आग आणि आरोग्य या दोन्ही दृष्टींनी धोकादायक असून त्याचे मूळ शोधणे आवश्यक ठरते.

धोके

पेट्रोल अत्यंत बाष्पनशील आहे. सुमारे उणे ४० अंश सेल्सियस तापमानालाही त्यापासून पेट घेण्याजोगी वाफ सुटते. हवेत या वाफेचे प्रमाण आकारमानाने साधारण १.४ ते ७.६ टक्के असल्यास लहानशी ठिणगीही आग लावू शकते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने ती गाडीच्या तळाशी, डिकीत किंवा बंदिस्त गॅरेजच्या जमिनीलगत साचते.

वाफ श्वासावाटे शरीरात गेल्यास डोकेदुखी, चक्कर आणि मळमळ होऊ शकते. पेट्रोलमधील बेंझिन हा घटक मानवात कर्करोग निर्माण करणारा म्हणून वर्गीकृत आहे. नाकाला कोणत्याही वासाची लवकर सवय होते. त्यामुळे प्रवासात वास कमी झाल्यासारखे वाटणे हा गळती थांबल्याचा पुरावा नसतो. सुगंधी द्रव्य वापरून वास झाकल्यास धोक्याची सूचनाच नाहीशी होते.

कारणे

टाकीतील पंप पेट्रोल दाबाने नळीत ढकलतो आणि ते फ्यूल रेलमधून इंजेक्टरपर्यंत पोहोचते. टाकीत तयार होणारी वाफ सक्रिय कोळशाच्या डब्यात (चारकोल कॅनिस्टर) शोषली जाते. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो व ही वाफ इंजिनात जाळली जाते. या मार्गावर पुढील दोष आढळतात:

* टाकीच्या झाकणाचे रबर झिजणे किंवा झाकण सैल राहणे.
* पेट्रोल भरण्याच्या नळीला गंज लागणे अथवा तडा जाणे.
* पंपाच्या वरच्या भागातील सील खराब होणे. अनेक गाड्यांत पंपाची जागा मागील आसनाखाली असल्याने हा वास थेट आत येतो.
* नळ्या कडक होऊन चिरणे किंवा उंदरांनी त्या कुरतडणे.
* इंजेक्टरच्या ओ-रिंग खराब होणे.
* कॅनिस्टर पेट्रोलने भिजणे. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही टाकी काठोकाठ भरत राहिल्यास असे घडू शकते.

प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत फ्लोट अथवा नीडल व्हॉल्व्ह बिघडल्यास पेट्रोल ओसंडते. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोल (ई२०) टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाले. त्यासाठी न बनवलेले जुने रबरी भाग अशा इंधनाने लवकर खराब होऊ शकतात.

निदान

वास केव्हा आणि कोठे येतो, यावरून शोधाची दिशा ठरते. टाकी पूर्ण भरल्यावरच येणारा वास झाकण, भरण्याची नळी, पंपाचे सील किंवा कॅनिस्टर यांकडे निर्देश करतो. इंजिन सुरू केल्यावर किंवा वातानुकूलनात बाहेरची हवा घेताना वास वाढल्यास दोष इंजिनकक्षात असण्याची शक्यता अधिक असते. कारण ही हवा सामान्यतः पुढील काचेच्या खालच्या जाळीतून, म्हणजे इंजिनकक्षालगतच घेतली जाते. मागील बाजूस येणारा वास टाकीच्या किंवा धुराड्याच्या दिशेने तपासला जातो. डिकीच्या दाराचे रबर फाटले असल्यास न जळलेल्या पेट्रोलचा अंश असलेला धूर आत येऊ शकतो. ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असल्यास इंजेक्टर गळत असल्याची शंका घेतली जाते.

गळती दिसत नसल्यास कार्यशाळेत धूर-चाचणी करतात. तीत बाष्प-नियंत्रण व्यवस्थेत कमी दाबाने धूर सोडून तो कोठून बाहेर पडतो हे पाहिले जाते. ज्या गाड्यांत या व्यवस्थेची संगणकीय देखरेख असते, त्यांत पी०४४२ (लहान गळती) किंवा पी०४५५ (मोठी गळती) असे दोष-संकेत नोंदले जातात.

सीएनजीवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलची टाकीही असते. सीएनजीत मिसळलेल्या गंधद्रव्याचा वास कुजकट असल्याने तो पेट्रोलच्या वासाहून वेगळा ओळखता येतो. तो आल्यास सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून अधिकृत केंद्रात तपासणी करून घेणे आवश्यक असते.

दुरुस्ती

झाकण बदलणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. नळी, सील व ओ-रिंग नेहमी इंधनासाठी बनवलेल्याच वापराव्या लागतात. पाण्याची रबरी नळी, चिकटपट्टी किंवा साबण यांनी केलेली डागडुजी टिकत नाही. भिजलेला कॅनिस्टर सामान्यतः बदलला जातो. इंजेक्शन प्रणालीतील नळी इंजिन बंद असतानाही दाबाखाली असते. त्यामुळे ती सोडवण्यापूर्वी दाब उतरवणे आणि बॅटरीची ऋण जोडणी काढणे आवश्यक असते. काम मोकळ्या हवेत, ज्वाला व ठिणगीपासून दूर आणि ड्राय पावडर अग्निशामक जवळ ठेवून केले जाते. रिकाम्या टाकीतही वाफ उरत असल्याने तिला घरगुती पद्धतीने डाग देणे प्राणघातक ठरू शकते.

तातडीची कृती

प्रवासात तीव्र वास आल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे, सर्व प्रवाशांनी उतरून दूर जावे आणि धूम्रपान टाळावे. गाडीखाली पेट्रोलचे थेंब दिसल्यास इंजिन पुन्हा सुरू न करता ती ओढून कार्यशाळेत नेणे योग्य असते.