नवा कॅमेरा पारखताना

अमेरिकेतील लास व्हेगास येथे दर एप्रिलमध्ये भरणारे 'नॅब' हे चित्रीकरण व प्रक्षेपण सामग्रीचे मोठे प्रदर्शन. २००६मध्ये तेथे 'रेड' कंपनीने ४के चित्रण करणारा कॅमेरा १७,५०० डॉलरला देऊ केला, तेव्हा खळबळ उडाली होती. २०१८मध्ये त्याच प्रदर्शनात 'ब्लॅकमॅजिक'चा ४के पॉकेट कॅमेरा आला, तो १,२९५ डॉलरला. त्याचा सेन्सर लहान आहे हे खरे. तरी किंमत तेराव्या हिश्शावर आली.

हा बदल कोल्हापूरकरांना अधिक जाणवावा. विदेशी कॅमेरा आवाक्याबाहेरचा होता, म्हणून बाबूराव पेंटर यांनी येथेच, विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने, स्वतःचा कॅमेरा घडवला आणि १९२०चा 'सैरंध्री' त्यावर चित्रित केला. आज कॅमेरा घडवावा लागत नाही. खर्च मात्र दुसरीकडे सरकला आहे आणि प्रदर्शनातील किंमतपत्रकात तो दिसत नाही.

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या गावात लग्नांचे चित्रण करणाऱ्या व्यावसायिकाचा हिशेब पाहू. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने तासाभराचे चित्रण ४५ जीबी जागा घेते. हळदीपासून वरातीपर्यंत सहा तास, दोन कॅमेरे, म्हणजे ५४० जीबी. सुरक्षिततेसाठी दुसरी प्रत ठेवली की एका लग्नाचे १ टीबीहून अधिक! हंगामात अशी वीस लग्ने झाली तर हार्डडिस्कचा खर्चच नव्या कॅमेऱ्याच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

दुसरी गोष्ट रंगांची. स्टॉलवर फुलांची परडी आणि मऊ प्रकाशातील मॉडेल असते. तेथे कोणताही कॅमेरा देखणाच वाटतो. आपल्याकडे चैत्रात जोतिबाच्या यात्रेत गुलालाची उधळण होते. एवढा गडद गुलाबी रंग भर उन्हात टिपताना त्यातील बारकावे पुसले जातात व नुसता सपाट डाग उरतो. ८ बिट चित्रणात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा नोंदल्या जातात, १० बिटमध्ये १,०२४. नंतर संगणकावर रंग सुधारायचे असतील, तर ४केपेक्षा हा आकडा आधी विचारावा. एक्स्पोजर चुकून तो रंग एकदा जळाला, की १० बिटही उपयोगी पडत नाही. शिवाय तो गुलाल कॅमेऱ्याच्या फटींत शिरतो. धूळरोधक बांधणी आहे काय, हे विक्रेत्याकडून आवर्जून समजून घ्यावे.

सलग चित्रणाची मर्यादाही तपासावी. जुन्या कित्येक स्टिल कॅमेऱ्यांत अर्ध्या तासाच्या आत चित्रण आपोआप थांबे. काही छोटे कॅमेरे आजही मे महिन्याच्या उन्हात तापून बंद पडतात. मंगलाष्टके पुन्हा म्हणवून घेता येत नाहीत! दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद करणारा कॅमेरा त्यामुळे थोडा महाग पडला तरी घ्यावा.

प्रदर्शनात गर्दी कॅमेऱ्यांच्या स्टॉलभोवती असते, दिव्यांच्या स्टॉलवर नव्हे. कॅमेरा हाती आल्यावर बाबूराव थांबले नव्हते. १९२३च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. मंडपातील पिवळ्या बल्बांखाली आणि रंगीत झगमगाटात नवरीच्या चेहऱ्याचा रंग बिघडतो, तो महागड्या सेन्सरने सुधारत नाही. बॅटरीवर चालणारे, रंग अचूक दाखवणारे दोन एलईडी पॅनल आधी घ्यावेत. वीज गेल्यावरही ते चालतात.