ट्रक अडकतो पुलाखाली, भुर्दंड पडतो कोणावर? वऱ्हाडच्या कापसाच्या बंडीपासून कळंबच्या नव्या रेल्वेपर्यंत

१/
रेल्वेच्या पुलाखालून जाताना एखाद्या मालमोटारीची वरची कड लोखंडी गर्डरवर आदळते. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी दोन ओळींची बातमी येते : ट्रक अडकला, वाहतूक खोळंबली, चालकावर गुन्हा. बातमी तेथेच संपते. इतिहासाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न मात्र तेथून सुरू होतो. या धडकेचा खर्च कोण भरतो? आणि तो पूल तेवढ्याच उंचीचा का होता?

आजचा धागा या दोन प्रश्नांवर. यवतमाळ जिल्ह्याला त्यांची उत्तरे सध्या विशेष गरजेची आहेत. कारण शेवटी सांगतो.

२/
प्रथम धडकेत नेमके काय घडते ते पाहू. रेल्वेचा गर्डर वरून येणारा भार पेलण्यासाठी घडवलेला असतो. शेकडो टनांची गाडी त्यावरून सहज जाते. बाजूने बसणारा आडवा धक्का ही त्याच्या हिशेबाबाहेरची गोष्ट. अशा धक्क्याने गर्डर आपल्या बैठकीवरून काही इंच जरी सरकला, तरी वरचे रूळ वाकतात, आणि वेगात येणाऱ्या गाडीला तेवढी वाक घसरण्यास पुरेशी असते. म्हणून धडक किरकोळ वाटली तरी अभियंत्याने तपासणी करेपर्यंत गाड्या थांबवाव्या लागतात किंवा अगदी संथ सोडाव्या लागतात.

३/
म्हणजे खर्चाचे तीन थर झाले. पहिला, मोडलेल्या लोखंडाचा आणि दगडी बांधकामाचा. दुसरा, तपासणीचा आणि ती करणाऱ्या माणसांचा. तिसरा, खोळंबलेल्या गाड्यांचा आणि त्यांतील प्रवाशांच्या वेळेचा. पहिला थर डोळ्यांना दिसतो. तिसरा बहुधा सर्वांत जाड असतो, आणि तोच कोणाच्या वहीत चढत नाही.

४/
ब्रिटनमध्ये तो वहीत चढतो, म्हणून तेथील उदाहरण उपयोगी. तेथे लोहमार्ग आणि पूल ‘नेटवर्क रेल’कडे, तर गाड्या वेगळ्या कंपन्यांकडे अशी व्यवस्था झाली. मार्ग बंद पडला की नेटवर्क रेलने त्या कंपन्यांना ठरलेली भरपाई द्यायची. त्यामुळे विलंबाच्या प्रत्येक मिनिटाला किंमत आली. काही वर्षांपूर्वीच्या त्यांच्या हिशेबानुसार अशा धडका वर्षाला दीड ते दोन हजारांच्या घरात होत्या आणि एका धडकेचा सरासरी खर्च सुमारे १३,००० पौंड येत होता.

५/
मग ही भरपाई ट्रकमालकाकडून वसूल करता येईल का? २०११ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे कोनार्केन आणि फॅरेल या दोन वाहतूक कंपन्यांचा खटला आला. दुरुस्तीचा खर्च त्यांना मान्य होता. वाद होता तो गाड्यांच्या कंपन्यांना द्याव्या लागलेल्या रकमेचा. न्यायालयाने तीही रक्कम ट्रकवाल्यांच्या माथी मारली. रेल्वेच्या मालमत्तेला धक्का लावणाऱ्याला गाड्या खोळंबणार हे कळायला हवे, असा त्यातील विचार.

६/
आपल्याकडे रूळ, पूल आणि गाडी हे सारे एकाच सरकारी संस्थेचे. उशीर झाला म्हणून रेल्वेने कोणा दुसऱ्या कंपनीला काही द्यायचे नसते. त्यामुळे तिसऱ्या थराचे बिलच फाटत नाही. तो खर्च फलाटावर ताटकळणारा प्रवासी भरतो, चुकलेल्या पेशीच्या, बुडालेल्या रोजीच्या रूपाने.

पहिल्या थराचेही फारसे बरे नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी सक्तीच्या विम्याची मर्यादा ठेवली होती अवघी ६,००० रुपये! त्याहून अधिक संरक्षण विमा कंपन्यांच्या पॉलिसीतून मिळे. कायद्याची सक्ती मात्र तेवढ्यावरच थांबत होती.

७/
आता दुसरा प्रश्न, उंचीचा. पुलाची उंची हा एक ऐतिहासिक दस्तऐवज असतो. तो बांधला त्या काळी रस्त्यावरून सर्वांत उंच असे काय जात होते, हे ती सांगते. १८४५च्या ब्रिटिश रेल्वे कायद्यात रस्त्यावरील रेल्वे पुलाच्या कमानीची मापे चक्क कलमात लिहिलेली आहेत : टोल घेणाऱ्या मोठ्या रस्त्यावर निदान १६ फूट, इतर सार्वजनिक रस्त्यावर १५ फूट, खासगी रस्त्यावर १४ फूट. ही मापे घोडागाडीच्या जमान्याची. त्या काळी रस्त्यावरचा उंच प्रवासी म्हणजे गवताने शिगोशीग भरलेली गाडी.

८/
आपल्या वऱ्हाडात गवताच्या जागी कापूस आला. कापूस हा विचित्र माल आहे : वजनाला हलका, आकाराला अवाढव्य. बंडीवर तो रचत गेले की बैलांना ओझे होण्याआधीच बंडी डोंगराएवढी दिसू लागते. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाचा भाव कडाडला. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू करण्यास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. एका तालुक्याच्या गावी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या पांढऱ्या सोन्याचे वजन कळावे.

९/
अवाढव्य मालावरचा उपाय म्हणजे प्रेस. सरकी काढून रुई दाबली की तिची घट्ट गाठ होते. जुनी भारतीय गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोंची. रेल्वे स्थानकांभोवती जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले ते याचसाठी. वाघिणीत हवा भरून नेणे रेल्वेला परवडणारे नव्हते. उंचीचा प्रश्न रेल्वेने आपल्यापुरता असा सोडवला. शेत ते जिन हा टप्पा मात्र सुट्या कापसाचाच राहिला, आणि तो आजही तसाच आहे. ढिगाची उंची, ताडपत्री, दोर आणि अंदाज, एवढ्यावर तो चालतो.

१०/
यवतमाळ, म्हणजे १९०५ पर्यंतचा ‘वणी जिल्हा’, मुख्य लोहमार्गापासून दूर पडला. येथला कापूस बंड्यांतून धामणगाव स्टेशनापर्यंत जाई. ही अडचण दूर करण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने अडीच फुटी नॅरोगेज आली : यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर आणि पुढे अचलपूर. हीच आपली ‘शकुंतला’. मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होते.

अशा स्वस्त मार्गांचे तत्त्व साधे होते. रूळ शक्यतो जमिनीलगत न्यायचे आणि रस्ता आडवा आला की पुलाऐवजी फाटक ठेवायचे. फाटकाला उंचीची अडचण नसते. त्याची किंमत वाट पाहण्यात मोजावी लागते.

११/
मग रस्त्यावर मोटार आली आणि हिशेब पालटला. १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यांच्या समितीच्या शिफारशीतून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून रस्ते निधी उभा राहिला. रस्ता जो वापरतो त्याने रस्त्याचा खर्च उचलावा, हे तत्त्व येथे रुजले.

१२/
रेल्वेला ही वाढ झोंबली. १९३३ च्या सुमारास मिचेल-कर्कनेस अहवालाने मोटारींमुळे रेल्वेचे वर्षाला सुमारे १ कोटी ९० लाख रुपये बुडतात असा अंदाज दिला. चार वर्षांत वेजवुड समितीने तो साडेचार कोटींवर नेला. पाठोपाठ १९३९चा मोटार वाहन कायदा आला आणि परवान्यांचे राज्य सुरू झाले.

ही सारी भांडणे मालाच्या भाड्याची होती. रस्ता आणि रूळ जेथे एकमेकांना प्रत्यक्ष छेदतात, त्या जागेचा खर्च कोणाचा, हा प्रश्न त्याआधीच एका कायद्याने निकाली काढला होता.

१३/
तो कायदा १८९०चा भारतीय रेल्वे कायदा, कलम ११. रेल्वेमुळे ज्यांच्या जमिनी तुटल्या त्यांच्यासाठी वाट, पूल, मोरी बांधून देणे ही रेल्वेची जबाबदारी, असे ते कलम सांगते. त्याला मुदत मात्र आहे. मार्ग वाहतुकीला खुला झाल्यापासून दहा वर्षे लोटली की जादा कामाचा खर्च उचलण्याची सक्ती रेल्वेवर राहत नाही. त्यानंतर ज्याला वाट हवी त्याने आपल्या खर्चाने ती करून घ्यावी.

थोडक्यात, दहा वर्षांनंतर गरजेचा भार उशिरा येणाऱ्यावर. आणि रस्त्यावरचे वाहन तर नेहमीच उशिरा येते आणि दर पिढीला अधिक उंच होऊन येते.

१४/
डिसेंबर १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते आपल्या शेजारच्या नागपुरात जमले आणि वीस वर्षांचा रस्ते आराखडा मांडला गेला, तो ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. रस्ते वाढले, ट्रक वाढले, ट्रकांची उंचीही वाढली. मालवाहू वाहनाची कमाल उंची नियमांत ३.८ मीटर होती, ती २०२० मध्ये ४ मीटर झाली.

पूल मात्र जागच्या जागी. उलट त्याच्या खालचा रस्ता वर चढतो : दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर पडतो, जुना खरवडला जात नाही, आणि पाटीवर लिहिलेली उंची मूळचीच राहते. चालक पाटीवर विश्वासतो आणि फसतो.

१५/
रेल्वेचे यावरचे उत्तर म्हणजे हाइट गेज. पुलाच्या अलीकडे रस्त्यावर उभी केलेली लोखंडी चौकट. उंच वाहन आधी तिच्यावर आदळते आणि गर्डर वाचतो. मुंबईत किंग्ज सर्कलच्या रेल्वे पुलाजवळ हा प्रकार वारंवार पाहायला मिळतो. स्वस्त लोखंड मोडून महाग लोखंड वाचवायचे, असा हा सौदा. दंडही आहे : वाहनावरील माल ठरलेल्या उंचीबाहेर गेल्यास २०१९च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

पण इशाऱ्याने सारे भागत नाही. अमेरिकेत डरहम शहरातला ११ फूट ८ इंचांचा रेल्वे पूल ट्रकांचे छप्पर सोलण्यासाठी जगप्रसिद्ध झाला. पाट्या झाल्या, दिवे झाले. २०१९ मध्ये तो ८ इंच उचलला. त्यानंतरही ट्रक आदळतच राहिले.

१६/
आता यवतमाळकडे येऊ. ३१ जानेवारी २०१९ पर्यंत देशातील ब्रॉडगेज मार्गांवरची सर्व मानवरहित फाटके बंद झाली. प्राण वाचले, हे निर्विवाद चांगले झाले. त्यांतील अनेक फाटकांच्या जागी मर्यादित उंचीचे भुयारी मार्ग आले, ज्यांना गावकरी सरळ ‘बोगदा’ म्हणतात. रूळ वर उचलणे महाग, म्हणून रस्ता खाली खोदतात. आपल्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत असा खड्डा पावसाळ्यात काय होतो, ते विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. आणि दिवाळीनंतर कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली त्याखालून जात नसेल, तर शेतकऱ्याला फेरा पडतो. हा फेरादेखील धडकेचाच खर्च आहे. फक्त तो धडक टाळून, डिझेलच्या रूपाने, दर हंगामात भरायचा.

१७/
२००८-०९ मध्ये मंजूर झालेल्या वर्धा–यवतमाळ–नांदेड या सुमारे २८४ किलोमीटरच्या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा–कळंब टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड. जिल्ह्यात पुन्हा नवे रूळ पडत आहेत, आणि या वेळी ते भरावावरून आणि पुलांवरून जात आहेत. १८९०चा कायदा गेला, १९८९चा नवा रेल्वे कायदा आला, तरी दहा वर्षांची ती मुदत कलम १६ मध्ये जशीच्या तशी आहे.

१८/
म्हणजे कळंबपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी हे घड्याळ फेब्रुवारी २०२४ पासून चालू झाले आहे आणि २०३४ मध्ये थांबेल. पुढच्या गावांचे अजून सुरूही झालेले नाही. आपल्या शिवारातला पूल किती उंच आहे, भरलेली ट्रॉली किती उंच होते, हार्वेस्टर किती, उसाचा ट्रक किती, पावसाळ्यात खाली किती पाणी साचते, हे मोजून ग्रामसभेच्या ठरावात लिहून ठेवण्याची वेळ हीच आहे. पुढे हीच मागणी केली तर तिच्यासोबत खर्चाचे अंदाजपत्रक गावाच्या हाती पडेल.

१९/
पुलावर आदळणाऱ्या ट्रकच्या चालकाची चूक असतेच. माल रचताना उंची मोजणे हे त्याचे आणि मालकाचे काम आहे. परंतु पूल किती उंच ठेवायचा, रस्ता किती खोल न्यायचा आणि उद्याच्या गरजेचा पैसा कोण भरेल, हे त्या चालकाच्या जन्माआधी कोणीतरी कागदावर ठरवलेले असते. शकुंतलेच्या वेळी ते लंडन आणि मुंबईच्या कचेऱ्यांत ठरले, वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. या वेळी विचारायला भाग पाडता येते, कारण कायद्याने दिलेली मुदत अजून शिल्लक आहे.

धागा येथे पूर्ण. आपल्या भागातला असा पूल, त्याची पाटीवरची उंची आणि टेप लावून मोजलेली उंची, दोन्ही खाली अवश्य लिहा.