शिवेबाहेर नेलेली साथ

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात एका साथीची कथा येते. पलिष्ट्यांनी इस्राएलांचा कराराचा कोश हस्तगत केला आणि त्यांच्या नगरांत गाठींचा रोग पसरला. सात महिन्यांनी त्यांच्या पुरोहितांनी उपाय सांगितला : सोन्याच्या पाच गाठी, सोन्याचे पाच उंदीर, नवी गाडी आणि कधीही जू न लागलेल्या दोन दुभत्या गाई. वासरे घरी कोंडूनही गाई बेथ-शेमेशच्या वाटेला लागल्या, तर संकट इस्राएलांच्या देवाचे. नाहीतर तो निव्वळ योगायोग. गाई सरळ त्याच वाटेने गेल्या. (१/५)

मराठी मुलखाला हा विधी परका नाही. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा नैवेद्यासह शिवेपार नेण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक गावांनी पाळली. रोगाला रूप द्यावे, त्याचा मान राखावा आणि हद्दीबाहेर निरोप द्यावा, हे सूत्र दोन्हीकडे एकच. (२/५)

असा विधी कधी इतिहासही घडवतो. १९२२ मध्ये पालघर किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत देवीरोगाच्या शांतीसाठी सुरू झालेला विधी डोंगराळ मुलखात शिरला आणि डांगातून दक्षिण गुजरातेत पोहोचला. अंगात आलेल्यांच्या तोंडून आज्ञा निघाल्या : दारू सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा. पारशी दारूविक्रेत्यांवर बहिष्कार पडला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या ‘देवी’ चळवळीत आदिवासींचा स्वतःचा निर्धार पाहिला. (३/५)

परंतु संकट दुसऱ्या वाटेनेही जाते. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात चेटकिणीला मृत्युदंड सांगितला आहे. शहादे तालुक्यातील म्हसावदच्या उत्तरेस पसरलेल्या सातपुड्यात ‘डाकीण’ ही समजूत त्याच जातीची. येथे रोगाला गाडीत बसवून निरोप दिला जात नाही; त्याचे खापर एखाद्या बाईच्या माथी फुटते आणि शिवेबाहेर तिलाच काढले जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आरोप करणे गुन्हा ठरवले. (४/५)

म्हणून प्राचीन ग्रंथ वाचताना ‘ही जादू की धर्म?’ एवढ्यावर थांबू नये. संकटाचे ओझे कोणावर टाकले, हेही विचारावे. सोन्याच्या उंदरावर टाकलेले ओझे कोणाचा जीव घेत नाही. माणसावर टाकलेले घेते. (५/५)