विद्यापीठाचा मालक कोण?

विनाअनुदानित महाविद्यालयांची कथा आपल्या मंडळींना नवी नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने महाराष्ट्रात खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली आणि चारच वर्षांनी, १९८७ मध्ये, प्रवेशासाठी देणगी घेण्यास बंदी करणारा कायदा त्याच राज्याला करावा लागला. संस्था धर्मादाय आणि कारभार धंद्याचा, हे कोडे तेव्हापासून आपल्या परिचयाचे आहे. हेच कोडे एका बलाढ्य अमेरिकन कंपनीला परदेशात कसे भोवले, ती हकिगत आपण पाहण्यासारखी आहे.

ही कंपनी म्हणजे मूळची बाल्टिमोरची लॉरिएट एज्युकेशन. पूर्वीचे नाव सिल्व्हन लर्निंग सिस्टिम्स, आणि शाळकरी मुलांच्या शिकवण्या हा तिचा मुख्य धंदा. १९९९ मध्ये तिने माद्रिदचे एक खाजगी विद्यापीठ घेतले, पुढच्या वर्षी चिलीत पाऊल टाकले आणि शिकवण्यांचा व्यवसाय सोडून २००४ मध्ये नवे नाव धारण केले. २००७ मध्ये केकेआर आदी गुंतवणूकदारांनी ती सुमारे ३८० कोटी डॉलर्सना विकत घेतली. या व्यवहाराने कंपनीच्या डोक्यावर कर्जाचा मोठा बोजा आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिचे शेअर्स पुन्हा बाजारात आले, तेव्हा २५ देशांत सुमारे ७० संस्था आणि दहा लाखांहून अधिक विद्यार्थी असा पसारा होता. २०२१ संपता संपता त्यातले दोनच देश उरले, मेक्सिको आणि पेरू. कर्ज फेडण्याची निकड हे विक्रीचे एक कारण होते. दुसरे कारण समजून घ्यायचे तर चिलीकडे वळायला हवे.

पिनोशेच्या लष्करी राजवटीने १९८१ मध्ये तिथे नव्या खाजगी विद्यापीठांना परवानगी दिली, पण ती नफ्यासाठी चालवायची नाहीत या अटीवर. विद्यापीठाला फायदा वाटता येत नव्हता, मात्र इमारतीचे भाडे आणि निरनिराळ्या सेवांचा मोबदला देता येत होता. हे भाडे व मोबदला घेणाऱ्या कंपन्या विद्यापीठ चालवणाऱ्यांच्याच असत. कायद्याचे शब्द पाळले जात होते, हेतू मात्र बाजूला पडला होता. सरकारेही बरीच वर्षे डोळेझाक करीत राहिली.

२०११ मध्ये चिलीचे विद्यार्थी लाखोंनी रस्त्यावर उतरले. शिक्षणातून नफा नको, ही त्यांची प्रमुख घोषणा होती. २०१२ मध्ये युनिव्हर्सिदाद देल मार या विद्यापीठाचे प्रकरण उघडकीस आले. लॉरिएटचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण ते विद्यापीठ बंद करण्याचा निर्णय झाला, हजारो विद्यार्थी अधांतरी राहिले आणि सगळ्याच खाजगी विद्यापीठांकडे लोक संशयाने पाहू लागले. २०१८ च्या उच्च शिक्षण कायद्याने स्वतंत्र देखरेख यंत्रणा नेमली आणि संबंधित कंपन्यांशी होणाऱ्या व्यवहारांवर कडक बंधने घातली. नफा कमावणाऱ्या संस्थांनी विद्यापीठाचे नियंत्रण करू नये, हे कलम घटना न्यायाधिकरणाने रद्द केले, तरीही कंपनीने तिथून काढता पाय घेतला. सप्टेंबर २०२० मध्ये तिथल्या विद्यापीठांचा ताबा एका प्रतिष्ठानाकडे गेला.

शेजारच्या पेरूची तऱ्हा निराळी. तिथे १९९६ च्या हुकूमनाम्याने विद्यापीठांना उघडपणे नफा कमावण्याची मुभा दिली. २०१४ च्या कायद्याने नवी नियंत्रक संस्था आणली, प्रत्येक विद्यापीठाची तपासणी केली आणि चाळीसहून अधिक विद्यापीठांना परवाना नाकारला. लॉरिएटच्या विद्यापीठांना परवाना मिळाला. नियम कडक होते, पण उघड होते, आणि तिथे कंपनी आजही टिकून आहे.

कराची गोष्टही अशीच आडवळणाची. स्पेनमधल्या कंपनीने गटातल्याच परदेशी कंपन्या कर्ज काढून खरेदी केल्या. त्या कर्जाचे व्याज खर्च म्हणून दाखवले की स्पेनमधला करपात्र नफा कमी होतो. स्पॅनिश करखात्याने ही वजावट अमान्य केली आणि वाद अनेक वर्षे चालला. अमेरिकेतला धोका आणखी वेगळा. नफ्यासाठी चालणाऱ्या विद्यापीठाच्या उत्पन्नात सरकारी मदतीचा वाटा ९० टक्क्यांवर जाता कामा नये, असा इथला नियम आहे. माजी सैनिकांची शैक्षणिक मदत पूर्वी या हिशेबात धरत नसत. २०२१ च्या कायद्याने तीही धरली जाऊ लागली. लॉरिएटने आपले वॉल्डन विद्यापीठ त्याच वर्षी विकले.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी २००२ मध्ये, टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात, संस्थेच्या विस्तारासाठी वाजवी शिल्लक ठेवायला हरकत नाही, पण नफेखोरी चालणार नाही, असा निवाडा दिला. वाजवी कुठे संपते हे मात्र दर वेळी नव्याने ठरवावे लागते. २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढण्याचे नियम केले आणि जून २०२५ मध्ये यॉर्क, ॲबरडीन, इलिनॉय टेक यांच्यासह पाच संस्थांना मुंबई परिसरासाठी इरादापत्रे मिळाली. या संस्था लॉरिएटच्या पठडीतल्या नाहीत. तरीही त्या नियमांतली एक तरतूद लक्षात ठेवावी अशी आहे. आयोगाच्या पूर्वपरवानगीशिवाय शाखा किंवा अभ्यासक्रम बंद करता येणार नाही, आणि तो खंडित झालाच तर विद्यार्थ्यांची पर्यायी सोय करण्याची जबाबदारी मूळ विद्यापीठाची राहील.

भागधारकाला शेअर विकून मोकळे होता येते. विद्यार्थ्याची तीन-चार वर्षे आणि त्याच्या आईवडिलांनी काढलेले कर्ज यांना असा बाजार नसतो. उद्या आपल्या भाच्या-पुतण्यांपैकी कुणी अशा शाखेत प्रवेश घेऊ लागला, तर इमारत किती देखणी आहे हे पाहण्याआधी तीन प्रश्न विचारायला सांगावे: पदवी कोणाच्या नावाची, शिल्लक पैसा जातो कुठे, आणि उद्या हे दुकान आवरले तर आमची सोय कोण लावणार?