फुस्स झालेली गोळी

आजचा एपिसोड धमाक्याचा नाही, ‘फुस्स’चा आहे. पण या ‘फुस्स’ने माणसं मेली आहेत.

अमेरिकेत नेमबाजीचे अनेक शौकीन काडतुसाची झाडलेली पितळी पुंगळी फेकत नाहीत. घरीच तिच्यात नवा प्रायमर, दारू आणि गोळी बसवतात. याला म्हणतात रीलोडिंग. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. तेव्हा हे इतिहास म्हणूनच ऐका!)

१८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेक्टिकटमध्ये रीलोडिंगची हत्यारं बनवणारी ‘आयडियल’ कंपनी काढली. गंमत बघा, त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली. जुनी काळी दारू पुंगळीत जवळपास काठोकाठ भरायची. कमी पडली तर डोळ्यांना दिसायचंच. नवी दारू जोरदार, म्हणून चिमूटभरच लागते. १८९८ चं ‘पॉइंट ३८ स्पेशल’ काडतूस काळ्या दारूच्या हिशेबाने आखलेलं, त्यात साधारण २१ ग्रेन दारू. पुढे नेमबाजीच्या हलक्या काडतुसात बिनधुराची तीनेक ग्रेन पुरू लागली. म्हणजे ०.२ ग्रॅम! ती तळाशीच बसते. मग एखादी पुंगळी रिकामी राहिली किंवा दोनदा भरली, तरी वरवर पाहून कळत नाही.

दारू नसेल तर काय होतं? एकटा प्रायमर गोळीला ढकलतो आणि ती नळीत मध्येच अडकते. आवाज येतो बारीकसा. नेमबाजाने दुर्लक्ष करून पुढचा बार काढला, तर नळी फुगते किंवा फुटते.

म्हणून रीलोडिंग करणाऱ्यांचे काही नियम ठरून गेलेत. भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करायच्या आणि गोळी बसवण्याआधी बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावायचं. तयार काडतूस वजन करून पकडू म्हणाल, तर भरवसा नाही, कारण पुंगळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनातला फरकच कधीकधी दारूपेक्षा जास्त असतो. शंका आली तर सगळा घाणा उघडायचा, गोळ्या काढायच्या आणि पुन्हा मोजून भरायचं. आणि आवाज हलका आला, की थांबायचं. बंदूक रिकामी करून नळी तपासायची.

हे पाळलं नाही तर काय होतं, ते जगाने ३१ मार्च १९९३ ला पाहिलं. नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनला ‘द क्रो’चं शूटिंग चालू होतं. क्लोजअपसाठी खऱ्या काडतुसांमधली दारू काढून नकली काडतुसं बनवली होती, पण प्रायमर जिवंत राहिला. त्याने एक गोळी नळीत ढकलली. नळी कुणी तपासली नाही. नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमधून गोळी नसलेलं, नुसत्या आवाजाचं काडतूस उडवलं आणि अडकलेली गोळी सुटली. ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली गेला. वय २८.

माझ्या मते या इतिहासाचं सार एवढंच: दारू सुधारली, पण चूक लपायला जागाही तिनेच दिली. पूर्वी जे आपोआप दिसायचं, ते आता मुद्दाम बघावं लागतं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!