दोन खांदे आणि एक शिट्टी: अहिल्यानगरच्या त्या रविवारची गोष्ट

आजचा भाग जरा घरचा आहे. मी मूळचा आंबेगाव तालुक्यातला, मंचरजवळचा, आणि नोकरी हिंजवडीत. रविवारी संध्याकाळी मंचर स्टँडवर पुण्याची एसटी पकडायची हे ठरलेलं. २ फेब्रुवारी २०२५ लाही तेच. फरक एवढाच की त्या दिवशी गाडीत कोणी डुलक्या काढत नव्हतं. अहिल्यानगरला वाडिया पार्कवर ६७ व्या महाराष्ट्र केसरीचा शेवटचा दिवस होता आणि ज्याच्या त्याच्या मोबाईलवर लाइव्ह चालू.

आमच्या पट्ट्यात त्या दिवशी जरा जास्तच जोर होता. कारण शिवराज राक्षे. राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा, म्हणजे आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातला. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला महेंद्र गायकवाडला हरवून तो महाराष्ट्र केसरी झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात धाराशिवला पुन्हा. जुन्नर, आंबेगाव, खेड इथं कुठल्याही चहाच्या टपरीवर तो 'आपला पोरगा'.

गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत समोर होता मुळशीचा पृथ्वीराज मोहोळ. कुस्ती रंगात यायच्या आत मोहोळने राक्षेला खाली घेतलं आणि पंचांनी चितपट दिली. राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, रिप्ले बघा. वाद वाढला, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. पुढचं सगळं तुम्ही रील्सवर बघितलंय.

पण रील्समध्ये एक गोष्ट मागे पडली. त्या रात्री वाद एक नाही, दोन झाले. मोहोळ किताबासाठी महेंद्र गायकवाडशी लढला. तिथंही गायकवाड पंचांच्या निर्णयावर भडकला आणि काही सेकंद उरलेली असताना मैदान सोडून गेला. मोहोळ २-१ ने महाराष्ट्र केसरी. नंतर कुस्तीगीर संघाने राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर केली. एका माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं तर दुसऱ्याची लाथ. मोहोळचं मला खरंच वाईट वाटतं.

आता जरा लांब जाऊ. माझ्या वयाची पोरं कुस्ती आधी कुठं बघायला शिकली? खरं सांगा. डब्ल्यूडब्ल्यूई. २००७ च्या जुलैमध्ये द ग्रेट खली वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला तेव्हा आम्ही शाळेत ट्रम्प कार्ड खेळायचो आणि खलीचं कार्ड कोणी देत नव्हतं. वस्तीवर एका घरी डिश होती, तिथं दहा पोरं. आमचे आजोबा दारातून बघायचे आणि एकच शब्द टाकून निघून जायचे: "नुरा."

नुरा कुस्ती म्हणजे आधीच ठरवलेली, दाखवायची कुस्ती. काटा कुस्तीच्या बरोबर उलट. फडावर पैलवान नुरा करतायत असा वास जरी आला तरी पब्लिक हुर्यो करतं. अमेरिकेत मात्र त्याच नुरा कुस्तीचा धंदा झाला, आणि १९८९ मध्ये तर कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटसमोर सरळ मान्यच केलं की हे मनोरंजन आहे.

आणि तरी त्या ठरवलेल्या कुस्तीतसुद्धा एकदा खराखुरा दगा झाला. ९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियल, सर्व्हायव्हर सीरिज. पैसे भरून घरबसल्या बघायचा शो. चॅम्पियन ब्रेट हार्ट कॅनडाचा, कंपनी सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत चाललेला. आपल्याच देशात पट्टा हरायचा नाही, असं त्याचं म्हणणं. मालक विन्स मॅकमहनने वरवर हो म्हटलं. प्रत्यक्षात शॉन मायकल्सने ब्रेटचाच डाव, शार्पशूटर, ब्रेटवर लावला आणि ब्रेटने हार मानली नसताना रेफरी अर्ल हेबनरने घंटा वाजवायला सांगितली. ब्रेटला कळेपर्यंत पट्टा गेला होता. तो रिंगमधून विन्सच्या तोंडावर थुंकला आणि नंतर ड्रेसिंग रूममध्ये त्याला ठोसा मारला. हा ठोसा स्क्रिप्टमध्ये नव्हता. आणि विन्सने काय केलं? तोच राग वापरून स्वतःचं खलनायकाचं पात्र उभं केलं आणि पुढची कित्येक वर्षं त्यावर पैसे कमावले.

म्हणजे बघा, ब्रेट हार्टचा अपमान पुन्हा पुन्हा विकला गेला, पण त्यात त्याची कुस्ती बंद पडली नाही. तो दुसऱ्या कंपनीत गेला. आपल्याकडच्या पैलवानाला दुसरी कंपनी कुठली?

हो, दुसरी संघटना आहे म्हणा. हा वेगळाच विनोद. १९६१ पासूनची स्पर्धा आपली, आणि आता कुस्तीतल्या भांडणामुळे एका वर्षात दोन-दोन महाराष्ट्र केसरी होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला राक्षे. असो, त्यावर वेगळा भाग करू.

परत त्या खांद्याकडे. चितपटीला दोन्ही खांदे एकाच वेळी टेकावे लागतात. रात्रभर व्हॉट्सॲपवर लोक व्हिडिओ थांबवून लाल गोल काढून पाठवत होते. मीही बघत बसलो, सवयच ती. पण मोबाईलचा साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये ३३ मिलिसेकंद. शिवाय कॅमेरा एका बाजूला. पलीकडचा खांदा आणि गादी यांच्यात बोटभर फट आहे की नाही, हे त्या चित्रात नसतंच. मी तीन कोनांतले तीन व्हिडिओ बघितले आणि तिन्ही वेळा माझं मत बदललं. पहिल्यांदा मी ज्याच्या बाजूचा होतो त्याचंच खरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

जुन्या मातीतल्या कुस्तीत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटायचा. गुण नाहीत, घड्याळ नाही. १९१० मध्ये लंडनला गामा आणि झबिस्को अडीच तासांहून जास्त झटले, निकाल नाही. १९२८ मध्ये पतियाळाला तीच जोड पुन्हा लागली आणि गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला. मधे अठरा वर्षं गेली, पण शंका राहिली नाही.

गाडी राजगुरुनगरला पोचली तेव्हा मी दादाला फोन लावला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. पाच वर्षं पुण्याच्या तालमीत होता, काकांनी दोन म्हशींचं दूध त्याच्या खुराकाला लावलं होतं. मग खांदा निखळला. आता पिकअप चालवतो, टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला नेतो.

"दादा, टेकला का रे?"

"मला काय विचारतो? मी काय तिथं होतो?"

"लाथ मारायला नको होती ना पण?"

"नव्हतीच मारायची. पंचाला लाथ म्हणजे संपलंच." मग थोडा वेळ नुसता गाडीचा आवाज. "पण तीन वर्षं म्हणजे काय ते तुला नाही कळायचं. मला डॉक्टरने सहा महिने सांगितले होते."

हे बोलणं बंदी जाहीर झाल्यानंतर, दुसऱ्या फोनवर झालं की त्याच रात्री, हे माझं आता गडबडतंय. बंदी नंतरची, म्हणजे दुसराच फोन असणार. पण वाक्य हेच होतं.

श्रावणात आम्ही दोघं ओतूरला गेलो. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराची यात्रा भरते, तांदळाच्या पिंडी बघायला तुफान गर्दी असते, आणि कुस्त्यांचा आखाडा. आधी बारकी पोरं, रेवड्यांवरच्या कुस्त्या. हलगी वाजत होती. एका जोडीत एक पोरगं पडलं, पण कुशीवर की पाठीवर यावरून दोन्हीकडचे लोक आत घुसले. फेटेवाल्या एका म्हाताऱ्या पंचाने कोणाचंच ऐकलं नाही. दोन्ही पोरांच्या अंगावर माती टाकली, हात मिळवायला लावले आणि म्हणाला, "परत लावा."

दादाने माझ्या हातातला मोबाईल खाली केला. "शूट नको करू. बघ."