दिनविशेष : २० फेब्रुवारी
‘बदलापूर’ प्रदर्शित (२०१५)

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील, ठाणे जिल्ह्यातील बदलापूर या शहराचे नाव धारण करणारा श्रीराम राघवन दिग्दर्शित हिंदी चित्रपट २० फेब्रुवारी २०१५ रोजी प्रदर्शित झाला. बँकेवरील दरोड्यात पत्नी व मुलगा गमावलेला रघू (वरुण धवन) पुणे सोडून बदलापुरात एकाकी राहतो आणि १५ वर्षांनी, कर्करोगामुळे मुदतीपूर्वी सुटलेल्या कैद्याचा (नवाजुद्दीन सिद्दीकी) व त्याच्या साथीदाराचा सूड घेऊ पाहतो. ‘बदला’ या शब्दाशी जुळणारा गावाच्या नावाचा ध्वनी येथे कथेचाच भाग बनतो. न्वार, म्हणजे गुन्हा व नैतिक संदिग्धता यांभोवती फिरणारी काळोखी कथनशैली, या चित्रपटात विशेष प्रभावी ठरते, कारण सूड घेणारा क्रूर होत जातो, तर गुन्हेगार अधिकाधिक माणसासारखा भासू लागतो. सिद्दीकी यांचा अभिनय हेच या परिणामाचे मुख्य बळ होय. चित्रपटास आधारभूत ठरलेल्या कादंबरीचे इटालियन लेखक मास्सिमो कार्लोत्तो यांनी स्वतः खुनाच्या आरोपाखाली तुरुंगवास भोगला होता. १९९३ मध्ये इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली.